ग्रंथ आणि प्रत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत महादेवपुरा येथे दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेसाठी मला पाचारण करताना आपल्या कार्यवाहांनी विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी साहित्याचा प्राध्यापक नव्हे, समीक्षक तर नव्हेच. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो, आणि त्यानंतरचे आयुष्य टिपणे, मसुदे व स्मरणपत्रे लिहिण्यात गेले. मात्र या सगळ्या काळात एक छंद मी सोडला नाही. आधुनिक मराठी साहित्यातील पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या आणि लेखकांच्या स्वाक्षरीच्या प्रती मी जमवीत आलो. आज त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे. या छंदाने मला पुष्कळ आनंद दिला. दोन वर्षांपूर्वी त्यानेच मला एक लाजिरवाणी गोष्टही करायला लावली. तीही आज आपल्यासमोर सांगावी, असे मी ठरवून आलो आहे.

एका रविवारी सकाळी मी वर्तमानपत्रांची रद्दी घेऊन आपल्याच भागातील एका दुकानात गेलो होतो. कोपऱ्यात एक पोते उघडे पडले होते आणि त्यातून देवनागरी अक्षरे डोकावत होती. दुकानदाराच्या लेखी ती ‘हिंदी बुक्स’ होती. भाव बारा रुपये किलो. पोते नऊ किलो भरले. एकशे आठ रुपये देऊन मी ते घरी आणले. त्यात पाककृतींची दोन पुस्तके होती, जुने दिवाळी अंक होते, एक फाटकी पोथी होती, आणि सर्वांत तळाशी एका नामवंत कवयित्रीचा, पन्नासच्या दशकातील, पातळसा कवितासंग्रह होता. पहिली आवृत्ती, वेष्टन शाबूत. पहिले पान उलटले, तर निळ्या शाईत कवयित्रीचे हस्ताक्षर, खाली सही, तारीख आणि गाव. वर जिला ते पुस्तक दिले होते तिचे नाव. ते नाव वाचले आणि मी पुस्तक मिटले. त्या बाई आपल्या मंडळातल्या होत्या, आणि त्यांना जाऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

पुस्तकाचे नाव मी सांगत नाही, कारण त्यावरून कुटुंब ओळखू येईल. त्यात काय लिहिले होते ते शेवटी सांगेन. तत्पूर्वी, एखादे जुने पुस्तक हाती आल्याबरोबर माझ्यासारख्याची छाती का धडधडते, याचा खुलासा करणे भाग आहे.

पहिली आवृत्ती ओळखणे वाटते तितके सोपे नाही. आपल्याकडे ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ असे दोन शब्द आहेत. मजकुरात फेरफार करून किंवा नव्याने जुळणी करून पुस्तक निघाले तर ती नवी आवृत्ती, आणि आहे तसेच पुन्हा छापले तर ते पुनर्मुद्रण, असा काटेकोर अर्थ. परंतु सगळे प्रकाशक हा भेद पाळीत नाहीत. कित्येक जण प्रत्येक छपाईला आवृत्तीच म्हणतात. म्हणून मुखपृष्ठावर विसंबू नये. आतल्या शीर्षकपानाची मागची बाजू पाहावी. आवृत्तीचा महिना व वर्ष, मुद्रक, छापखान्याचा पत्ता, प्रकाशक, किंमत, ही सारी जन्मपत्रिका तेथे असते. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा फक्त शक असतो. शके १८६४ असे दिसले तर त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवावे, म्हणजे १९४२ साल येते. काळ पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा असेल, तर एकोणऐंशी मिळवावे लागतात.

ही जन्मपत्रिका छापण्याची सक्ती मुळात सरकारी आहे, हे सांगताना मला थोडा खात्याचा अभिमान वाटतो! १८६७ सालच्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि स्थळ छापणे बंधनकारक केले. इंग्रज सरकारला साहित्याचा कळवळा नव्हता, छापखान्यांवर नजर ठेवायची होती. तथापि त्या संशयी नजरेमुळे आज आपल्याला कोणते पुस्तक कोणत्या आळीतल्या कोणत्या छापखान्यात छापले गेले, ते कळते. २०२३ सालच्या नव्या कायद्याने त्या कायद्याची जागा घेतली आणि पुस्तके त्यातून वगळण्यात आली. पुढे या बाबतीत प्रकाशकांची शिस्त हाच आधार राहणार.

आता कोणी विचारील, मजकूर तोच असताना पहिल्या आवृत्तीचे एवढे कौतुक कशाला? माझे उत्तर असे. पुस्तक मान्यता पावल्यानंतर आपल्याला भेटते, तेव्हा त्याच्याभोवती पुरस्कार, प्रस्तावना आणि परीक्षांचे प्रश्न गोळा झालेले असतात. पहिल्या आवृत्तीत त्यातले काही नसते. कोणाला ठाऊक नसलेले एक पुस्तक कोणीतरी धाडस करून छापले, एवढेच तिच्यात दिसते. १९४२ साली ‘विशाखा’ निघाली ती वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेतला म्हणून. १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ‘कोसला’ काढली, तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीचे होते. त्यांना ज्ञानपीठ मिळाले ते २०१४ सालचे. मधली एक्कावन्न वर्षे त्या पहिल्या प्रतीत अजून घडलेली नाहीत. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. त्याच्या आरंभी विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. एका जगातील कविता दुसऱ्या जगातील वाचकांच्या हाती देताना मध्ये दुभाषा लागला होता, हे त्या पुस्तकाच्या बांधणीतच दिसते.

काही पहिल्या आवृत्त्या तर इतिहासाचे पुरावे आहेत. बा. सी. मर्ढेकर तुमच्याआमच्यासारखे सरकारी नोकर होते. आकाशवाणीत अधिकारी. १९४७ साली त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह आला आणि त्यातील कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. आज हे आपण एका वाक्यात सांगतो. परंतु १९४७ ची प्रत हाती धरावी आणि नोकरीत असलेल्या माणसाने ती छापून आणली आहे हे मनात आणावे, म्हणजे त्या वाक्याचे वजन कळते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण एका जाड ग्रंथाच्या रूपात वाचतो. मूळ ती १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली, आणि १९३६ सालीच लक्ष्मीबाई गेल्या. चारही भाग एका ठिकाणी मिळणे हा संग्राहकाच्या आयुष्यातील योग समजावा.

आणि काही पहिल्या आवृत्त्या अशा, की त्यांवर कवीची सही असूच शकत नाही. केशवसुत सरकारी शाळेत शिक्षक होते. १९०४ साली त्यांची बदली धारवाडला झाली, आणि १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने त्यांचा अंत झाला. त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले १९१७ साली, हरि नारायण आपट्यांनी संपादिलेले. ज्याने मराठी कवितेला नवे वळण दिले, त्याने स्वतःच्या कवितांचे पुस्तक डोळ्यांनी पाहिले नाही. उद्या कोणी ‘केशवसुतांच्या स्वाक्षरीची पहिली आवृत्ती’ म्हणून काही विकायला आणले, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

पुस्तकाच्या प्रकाशनाची तारीख किती महत्त्वाची ठरू शकते, याचेही एक उदाहरण याच कर्नाटकातले आहे. जी. ए. कुलकर्णी मूळचे बेळगावचे, आणि धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांच्या ‘काजळमाया’स १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, आणि पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरून ते पुरस्काराला पात्र आहे की नाही असा वाद निघाला. जी. एं.नी पुरस्कार परत केला. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूची ती एक ओळ आपण सहसा वाचीत नाही. एका स्वाभिमानी लेखकाला तिच्यापायी राष्ट्रीय सन्मान सोडावा लागला.

येथे मला थोडे थांबून आपल्या सर्वांना एक गोष्ट सुचवायची आहे. आपण बेंगळुरूला आलो की मराठी साहित्याचा प्रदेश मागे टाकून आलो असे समजतो. ते तितकेसे खरे नाही. केशवसुतांचा शेवट हुबळीत झाला, जी. ए. धारवाडला लिहीत होते, इंदिरा संतांनी ‘शेला’, ‘मेंदी’ आणि ‘मृगजळ’ हे संग्रह बेळगावात राहून सिद्ध केले. कन्नड कवितेचे थोर पुरुष द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे ते एक मानकरी, आणि त्यांनी ‘संवाद’ हे मराठी पुस्तकही लिहिले. याच शहरात पुढे वास्तव्य केलेले गिरीश कार्नाड जन्मले माथेरानला. त्यांचे ‘ययाति’ नाटक १९६१ साली धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने काढले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९५९ साली, खांडेकरांची ‘ययाति’ कादंबरी पुण्यात निघाली होती. माझ्या कपाटात ही दोन पुस्तके शेजारी असतात. कन्नड प्रत मला अक्षरे लावीत लावीत वाचावी लागते, पण ती तेथे हवी.

आता स्वाक्षरीकडे वळतो. महात्मा गांधी स्वाक्षरीसाठी हरिजन निधीला पाच रुपये घेत, हे आपणांस ठाऊक आहे. आपल्या मराठी लेखकांनी सहीचा दर कधी लावला नाही. उलट ‘सप्रेम भेट’ असे लिहून पुस्तक देऊन टाकण्याची आपली रीत आहे. परदेशातील बाजारात नुसत्या सहीची प्रत विकायला सोपी पडते, आणि अनोळखी माणसाचे नाव वर असले की बहुधा गिऱ्हाईक नाक मुरडते. मात्र ते नाव एखाद्या दुसऱ्या लेखकाचे असले की किंमत चढते. हा व्यापाराचा हिशेब झाला. माझ्या मते वाचकाच्या नावासकट असलेली प्रत सर्वांत मोलाची. नुसती सही लेखक कोठेही, कोणासाठीही करतो. नाव घालून लिहिताना तो क्षणभर समोरच्या माणसाचा विचार करतो.

सही खरी की खोटी, हे पाहण्याचे साधे उपाय आहेत. पुष्कळ पुस्तकांत प्रस्तावनेखाली लेखकाची सही छापलेली असते. नवखा माणूस तिलाच खरी समजतो. भिंगातून पाहिले तर छापील रेघ सर्वत्र सारखी दिसते. टाकाची किंवा शाईच्या पेनची रेघ कोठे जाड, कोठे बारीक, आणि जुन्या कागदात किंचित पसरलेली. बॉलपेनची सही असेल तर पानाच्या मागून बोट फिरवून दाब जाणवतो. सहीखालची तारीख आवृत्तीच्या आधीची असेल तर प्रश्नच मिटला.

वेष्टनाविषयी एक कळकळीची सूचना. दीनानाथ दलाल, वसंत सरवटे यांच्यासारख्या चित्रकारांनी मराठी पुस्तकांना चेहरे दिले. ग्रंथालयांत टिकाऊपणासाठी पुस्तकाला कापडी बांधणी करतात आणि तो चेहरा बहुधा केराच्या टोपलीत जातो. घरीही आपण वेष्टन फाटेल म्हणून काढून ठेवतो, आणि ठेवलेले कधी सापडत नाही. वेष्टन पुस्तकावरच असू द्यावे, वर पारदर्शक कागदाचे सैल आवरण घालावे. चिकटपट्टी कदापि लावू नये. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन अक्षरे खातो. बेंगळुरूची हवा पुस्तकांना मानवते, परंतु पावसाळ्यात भिंतीलगतचे कपाट चार बोटे पुढे ओढावे, महिन्यातून एकदा पुस्तके हाताळावीत. वाळवी आणि कसर यांना न उघडलेले पुस्तक सर्वांत प्रिय असते.

हे शहाणपण मला नुकसान करून आले आहे. विद्यार्थिदशेत, पुस्तके नीट ठेवण्याच्या उत्साहात, मी वडिलांची ‘विशाखा’ची जुनी प्रत बांधणीला दिली. बांधणाऱ्याने कडा सरळ करण्यासाठी तिन्ही बाजूंनी यंत्रात कापल्या. वडिलांनी समासात पेन्सिलीने टिपणे केली होती. ती निम्मी कापली गेली. आज त्या पानांवर वडिलांच्या शब्दांचे उत्तरार्ध तेवढे उरले आहेत. वडील काही बोलले नाहीत. ‘पुस्तक छान दिसतंय,’ एवढेच म्हणाले.

त्या प्रसंगातून जे उमगले, तेच आजच्या व्याख्यानाचे सार आहे. ग्रंथ वेगळा आणि प्रत वेगळी. ग्रंथाची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. १९५४ सालच्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांना देणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, मुंबईचे १८९८ पासून हेच काम करीत आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध करून ठेवली. माझ्यासारख्याला ती नकाशासारखी उपयोगी पडते. म्हणून ‘विशाखा’ नाहीशी होण्याचे भय नाही. परंतु माझ्या वडिलांच्या टिपणांची ‘विशाखा’ जगात एकच होती आणि तिचे रक्षण करण्याचा कायदा कोठे नाही. ते काम ज्याच्या घरात ती प्रत आहे त्याचे.

आपल्या घरांत अशा प्रती किती असतील, याची आपल्याला कल्पना नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी जी कुटुंबे येथे कारखान्यांत, बँकांत, संशोधनसंस्थांत नोकरीला आली, ती येताना ट्रंकेत दहावीस मराठी पुस्तके घेऊन आली. येथे ती पुस्तके सहज मिळत नव्हती, म्हणून ती जपली गेली. आता ती पिढी उतरणीला लागली आहे. मुले इंग्रजीतून शिकली, नातवंडे बोलतात मराठी पण वाचत नाहीत. घर लहान होते, किंवा विकले जाते, आणि कपाट रिकामे करायचे असते. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. ज्याला लिपी वाचता येत नाही, त्याला कागद नुसता कागदच दिसणार.

हौशी मंडळींसाठी सांगतो, या शहरात जुन्या पुस्तकांची परंपरा चांगली आहे. १९४५ साली स्थापन झालेले ‘सिलेक्ट’, चर्च स्ट्रीटवरची ‘ब्लॉसम’ आणि ‘बुकवर्म’, अव्हेन्यू रोडवरची दुकाने, येथे इंग्रजी आणि कन्नड पहिल्या आवृत्त्या धीराने शोधल्यास सापडतात. म्युझियम रोडवरचे ‘प्रीमियर’ २००९ साली बंद झाले, त्याची हळहळ वाटणारी माणसे अजून भेटतात. २०२३ पासून आपल्या बाजूने मेट्रो थेट महात्मा गांधी रस्त्यावर जाते, तेव्हा अंतराची सबब उरलेली नाही. आणि ज्यांना हा छंद म्हणजे गुंतवणूक वाटते, त्यांना माझा नम्र सल्ला आहे, की त्यांनी पोस्टात पैसे ठेवावेत. मराठी पुस्तकांचा बाजार लहान आहे. आपण ज्याला अमोल म्हणतो त्याला घेणारा मिळेलच असे नाही. मराठी पुस्तक मात्र तुम्हांला बहुधा दुकानात मिळणार नाही. ते शेजारच्या घरात मिळेल, नाही तर रद्दीच्या काट्यावर.

आता त्या पुस्तकाकडे येतो.

त्या बाईंना आपण सारे ‘काकू’ म्हणत होतो. कोजागरीचे दूध आटवायला, हळदीकुंकवाच्या याद्या करायला, गणपतीच्या आरास मंडपात पहाटेपर्यंत बसायला त्या असत. त्यांनी कधी व्यासपीठावर पाऊल ठेवले नाही. कवयित्रीने त्या पुस्तकावर जे लिहिले होते त्याचा आशय असा, की तुझ्या कविता वाचल्या, त्यातल्या दोन मला फार आवडल्या, संसाराच्या धांदलीत लिहिणे सोडू नकोस. काकू कविता लिहीत होत्या! नुसत्या लिहीत नव्हत्या, तर त्या काळच्या एका श्रेष्ठ कवयित्रीने त्या वाचून दाद दिली होती. आपल्या मंडळात चाळीस वर्षे वावरलेल्या बाईची ही ओळख आपल्यापैकी एकालाही नव्हती.

आणि मी काय केले? ते पुस्तक माझ्या कपाटात ठेवले. माझे मन मला सांगत होते, की तू ते पैसे देऊन घेतले आहेस. त्यांनीच ते टाकून दिले. तुझ्याकडे ते सुरक्षित आहे. यातले एकही विधान खोटे नव्हते. मी ते पुस्तक रात्री काढून पाहत असे आणि परत ठेवत असे. असे चार महिने गेले. शेवटी एक दिवस पत्नी म्हणाली, ‘ही फाईल तुम्ही आणखी किती दिवस दाबून ठेवणार आहात?’ नोकरीत माझ्यावर असा ठपका कोणी ठेवला नव्हता. घरात ठेवला गेला, आणि तो खरा होता.

काकूंचे चिरंजीव परदेशी असतात. त्यांची नात येथेच नोकरी करते. तिला मी फोन केला. ती आली, आणि पुस्तक हाती घेऊन बराच वेळ पाहत राहिली. तिला छापील मराठी जेमतेम वाचता येते, हस्ताक्षर नाही. म्हणाली, ‘काका, वाचून दाखवा ना.’ मी वाचले. तिने विचारले, ‘आजीच्या त्या दोन कविता कुठे आहेत?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या घरातून त्या आठवड्यात आणखी दोन पोती गेली होती, असे तिच्याकडूनच कळले. त्यात वह्या होत्या की नव्हत्या, हे आता कोणी सांगू शकणार नाही. मी त्या दुकानात तीनदा जाऊन आलो. रद्दी तेथे आठवडाभरही थांबत नाही.

पुस्तक मी तिला दिले. पैसे ती देऊ लागली, ते घेतले नाहीत. ती आता मधूनमधून रविवारी आमच्याकडे येते आणि त्या संग्रहातली एकेक कविता माझ्या पत्नीकडून समजावून घेते. दहा-बारा झाल्या आहेत. या व्याख्यानात हे सांगण्याची परवानगी तिने दिली, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

मंडळाला माझी विनंती अगदी लहान आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून एक काचेचे कपाट घ्यावे आणि एक नोंदवही ठेवावी. ज्या घरातील पुस्तके काढून टाकायची असतील, त्यांनी ती रद्दीला देण्यापूर्वी एक फोन करावा. आमच्यापैकी दोघे येऊन प्रत्येक पुस्तकाची पहिली चार पाने उलटून पाहतील, इतकेच. सही, नाव, तारीख, समासातले टिपण, दोन पानांत दडलेले पत्र, जे सापडेल ते प्रथम त्या घराला दाखवू. त्यांना ठेवायचे असेल तर त्यांचे. नको असेल तर नोंदवहीत लिहून कपाटात. वह्या आणि हस्तलिखिते यांना तर वजनकाट्यापर्यंत जाऊच देऊ नये.

आणि येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना एक निराळी विनंती. आज घरी गेल्यावर आपल्या पुस्तकांपैकी एक काढा, आणि ते तुम्हांला कोणी, कोठे, कशासाठी दिले ते आतल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. खाली सही करा. नातवंडांना वाचता येईल अशा बेताने, सुटे सुटे, ठळक अक्षर काढा. त्यांना ते लगेच वाचावेसे वाटेल असे नाही. परंतु काकूंची नात ज्या दिवशी विचारू लागली, त्या दिवशी उत्तर देणारे कोणी उरले नव्हते. तसे आपल्या घरी होऊ नये.